माजघराच्या कोपऱ्यात हॉर्न स्पीकर बसवायचाय, प्लाय घेऊ, फायबर करू की कागदाचा लगदा?

खटपट्या_वेंगुर्ला
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचं घर जुनं, चिऱ्याचं, वर कौलं. माजघरात एक कोपरा कित्येक वर्षं रिकामा पडलाय, पूर्वी तिथे भाताची कणगी असायची. त्या कोपऱ्यात हॉर्नवाला स्पीकर बसवायचं खूळ वर्षभर डोक्यात आहे. साधा चौकोनी डबा नको, तो दुकानातही मिळतो. मला आतून घड्या घातलेला बॅकलोडेड हॉर्न पाहिजे, म्हणजे एकच फुलरेंज ड्रायव्हर (पेटीत बसवायचा नुसता स्पीकर, खालचे-वरचे सगळे सूर एकटाच वाजवणारा), पुढचा आवाज थेट आणि मागचा भोंग्यातून फिरून बाहेर. क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वाटून देणारं सर्किट) वगैरे काही नाही. आणि दोन-तीन वॉटवर घर भरलं पाहिजे, कारण आमच्याकडे लाईट गेली की मगच टीव्ही बंद होतो आणि मला गाणी ऐकायला मिळतात, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा टीपीए३११६ चा ॲम्प्लिफायर बोर्ड आधीच घेऊन ठेवलाय.

गेल्या मे महिन्यात एक प्रयत्न केला आणि तोंडावर आपटलो. नेटवर फोस्टेक्स ह्या जपानी कंपनीच्या चार इंची ड्रायव्हरसाठीचं एक ड्रॉइंग मिळालं. फोस्टेक्स परवडणारा नव्हता म्हणून जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीतले स्पीकर काढले, माप साधारण तेच, म्हटलं चालून जाईल. १२ एमएमचा कमर्शियल प्लाय आणला. सुतारदादांनी कापून दिला पण कापताना दोनदा विचारलं, "ह्या कोंबयांचा खुराडा काय रे?"

लावल्यावर आवाज असा की कुणीतरी घागरीत तोंड घालून बोलतंय. भजनात पखवाजाचा डावा हात पडला की एकच सूर घुमतो आणि त्याच्या खाली काही म्हणजे काही नाही. त्यात जुलैमध्ये प्लायच्या कडा भिजलेल्या पावासारख्या फुगल्या. आता तो खुराडा पडवीत पडलाय आणि त्यात खरंच मांजर व्यायलंय.

तर प्रश्न असे. ड्रॉइंग तेच ठेवून ड्रायव्हर बदलला हे चुकलं का? आपल्या खाऱ्या दमट हवेत पेटी कशाची करावी? आणि शाडूचा साचा करून त्यावर कागदाच्या लगद्याचा गोल भोंगा कुणी केलाय का, मला तो प्रकार फार भारी वाटतोय. बजेट सगळं मिळून ६०००. एकच करायचाय, मोनो. दुसऱ्या कोपऱ्यात देव्हारा आहे, तिथे आई काही बसवू देणार नाही.

निवृत्त_मास्तर_दापोली
चुकलं ते ड्रायव्हरमध्येच. टीव्हीतला स्पीकर उलटा करून बघ, मॅग्नेट बटणाएवढं असेल. हॉर्नचं काम काय असतं ते आधी बघू. पाण्यात काठी फिरवली तर पाणी दोन्ही बाजूंनी निसटून जातं आणि होडी जागची हलत नाही, वल्हं फिरवलं तर पाणी अडतं आणि होडी पुढे सरकते. उघड्या हवेत छोटा कोन (स्पीकरचा हलणारा कागदी पडदा) म्हणजे ती काठी. हॉर्न त्याचं वल्हं करतो, कोनावर हवेचं ओझं टाकतो, म्हणून थोड्या वॉटमध्ये जास्त आवाज निघतो. पण वल्हं मारायला दंडात ताकद लागते. ती ताकद म्हणजे मोठं मॅग्नेट, आणि त्याबरोबर हलका कोन. ड्रायव्हरच्या कागदावर क्यूटीएस नावाचा आकडा असतो (जितका कमी तितकी मॅग्नेटची कोनावर पकड घट्ट), बॅकलोडेड हॉर्नला तो साधारण ०.२ ते ०.४ मधला बघ. टीव्हीतले स्पीकर ०.७ च्या पुढेच जातात. ते हॉर्नमध्ये घातले की तू सांगतोस तस्संच होतं, घागर.

आता माप. नेटवरचं ड्रॉइंग ठेव बाजूला, तुझ्या कोपऱ्याचं आपणच काढू. अवघड काही नाही, आठवीतलं पोरगं करील.

खालची मर्यादा ८० हर्ट्झ धरू. भजन, नाट्यसंगीत, पेटी, पखवाज यांना पुरते. डीजे वाजवायचा असेल तर हा धागा सोड. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर ८० हर्ट्झची तरंगलांबी ४.३ मीटर. नियम असा की भोंग्याच्या तोंडाचा घेर एका तरंगलांबीएवढा हवा. म्हणजे उघड्यावर तोंडाचा व्यास जवळजवळ १.३७ मीटर! बैलगाडीचं चाक झालं. पण जमीन आणि दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात ठेवलास तर एक अष्टमांश क्षेत्रफळ पुरतं, १८४० चौरस सेंमी, म्हणजे ४३ बाय ४३ ची खिडकी. बाकीचे सात हिस्से भिंती भरून काढतात. पॉल क्लिप्शने अमेरिकेत १९४६ पासून विकायला काढलेला क्लिप्शहॉर्न ह्याच युक्तीवर उभा आहे, तो मुळात कोपऱ्यासाठीच केलेला आणि खोलीच्या भिंती हा त्याच्या बासच्या भोंग्याचा शेवटचा भाग. तुझ्या चिऱ्याच्या भिंती ह्या कामाला सोनं आहेत, फ्लॅटमधल्या जिप्सम पार्टिशनवर हे जमत नाही, ते स्वतःच थरथरतं आणि बास खातं. चिऱ्याला गिलावा असेल तर उत्तमच.

घसा, म्हणजे भोंग्याचं अरुंद टोक, ५० चौरस सेंमी घे, चार इंची ड्रायव्हरच्या कोनाचं क्षेत्रफळ तेवढंच असतं. ८० हर्ट्झच्या एक्स्पोनेन्शियल भोंग्यात दर २४ सेंमीला क्षेत्रफळ दुप्पट होतं. म्हणजे ५०, १००, २००, ४००, ८००, १६००, इथवर १२० सेंमी झाले, आणखी ५ सेंमीत तू १८५० ला पोचलास. पेटीची आतली रुंदी सगळीकडे २५ सेंमी ठेव, मग फळ्यांमधली फट किती ठेवायची ते तोंडपाठ होईल: २, ४, ८, १६, ३२, ६४. शेवटी ७४. सुताराला सांग सगळ्या पट्ट्या २५ च्या मार, डोकं लावायचं काम फक्त घड्या कुठे घालायच्या एवढंच. घडीच्या कोपऱ्यावर तिरकी फळी टाकलीस तर बरं, नाही टाकलीस तरी एवढ्या लांब लाटांना त्या वळणाचं काही वाटत नाही.

ड्रायव्हरच्या मागची डबी लहान ठेव, त्याने खाल्लेली जागा सोडून सव्वा ते दीड लिटर. डबी आणि घसा मिळून २०० हर्ट्झच्या वरचं गाळतात. ते गाळावंच लागतं, कारण मागचा आवाज मुळात पुढच्याच्या उलटा असतो, आणि १२५ सेंमी ही २७५ हर्ट्झची पूर्ण तरंगलांबी, म्हणजे तिथे तो उलटाच बाहेर पडतो आणि पुढच्याला खातो. तुझी "घागर" बरीचशी ह्याच भागातली आहे. डबीत थोडी लोकर भर. घशात भरू नकोस.

हॉर्नरिस्प नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, विंडोजवर चालतो, दिसायला जुनाट आहे पण कापायच्या आधी सगळं त्यात घालून बघ.

साधा_डबा_रत्नागिरी
मास्तरांचा आदर ठेवून सांगतो, ६००० मध्ये हॉर्न म्हणजे ४००० चा प्लाय आणि २००० चा पश्चात्ताप. मी दोन केले, दोन्ही फोडून कोंबड्यांना... म्हणजे खरंच खुराडा केला. साधा सीलबंद डबा कर, दोन तासांचं काम.

आणि ते टीव्हीचे स्पीकर फेकू नकोस. क्यूटीएस जास्त असलेले ड्रायव्हर उघड्या फळीवर चांगले वाजतात. एखादं जुनं दार पडलं असेल माळ्यावर तर त्याला भोक पाड, दोन्ही लाव, मागे काहीही नको, भिंतीपासून तीन फूट पुढे ठेव. तुझ्या कोपऱ्यातल्या राक्षसाची एकपंचमांश मेहनत नाही.

निवृत्त_मास्तर_दापोली
दाराचं पटलं. खटपट्या, हे आजच कर, फुकटातलं आहे.
सीलबंद डब्याचं नाही पटलं. चार इंची ड्रायव्हर सीलबंद डब्यात एका वॉटला साधारण ८६ डीबी धर, हॉर्नमध्ये ९५ पर्यंत न्यायचा तर फरक ९ डीबीचा, म्हणजे आठपट वॉट. त्याला बॅटरीवर २ वॉटमध्ये घर भरायचंय. डब्यात त्याला १६ लागतील आणि तो इवलासा ड्रायव्हर तेव्हा रडायला लागेल.

मंडपवाला_कणकवली
मास्तरांनी गणित सांगितल्यानी, मी भंगार सांगतंय.

दशावतार, नमन, गणपती, लग्न सगळीकडे भोंगे लावून झाले आमचे, २२ वर्षं धंदा. तुला गोल भोंगाच करायचा असेल तर तो बासचा करू नको, वरच्या आवाजाचा कर. आमच्यासारख्यांकडे भोंग्याची युनिटं भंगारात पडलेली असतात, मागे आट्याने फिरवून बसवतात ती. पडदा गेलेलं युनिट वजनावर मिळतं, पडदा नवीन मिळतो बाजारात. फक्त दोन गोष्टी बघ. एक, युनिटच्या मागे लाईन ट्रान्सफॉर्मर आहे का ते. १०० व्होल्टच्या लाईनवर चालणाऱ्या युनिटला तुझा बॅटरीचा बोर्ड काही करणार नाही, आवाज डासासारखा येईल. ट्रान्सफॉर्मर सोडव किंवा बिनट्रान्सफॉर्मरचं, १६ ओहमचं घे.

दुसरी गोष्ट पोटतिडकीने सांगतो. कंडेन्सर लावल्याशिवाय त्यात गाणं सोडू नको. एका जत्रेत आमच्या नव्या पोराने भोंग्यात सरळ ढोलताशाचा ट्रॅक सोडला, संकासुर स्टेजवर यायच्या आधी चार पडदे फाटले आणि पुढचं अख्खं नाटक आम्ही एका बॉक्सवर काढलं, लोक शिव्या घालत होते ते अजून कानात आहे. भोंगा ज्याच्या खाली बोलत नाही तिथे पडद्याला धरायला हवाच नसते, तो मोकाट सुटतो आणि फाटतो. १६ ओहमला ५०० हर्ट्झवर तोडायचं तर २० मायक्रोफॅरड, नॉनपोलर बघून घे, साधा इलेक्ट्रोलायटिक टाकशील तर तो फुगेल. आणि ही नुसती कंडेन्सरची तोड म्हणजे उतार हळू असतो, त्यामुळे बासचा नॉब फिरवत बसायचं नाही.

फायबर_हर्णै
मी होड्यांचं फायबरचं काम करतो, स्पीकर हा शनिवार-रविवारचा रोग.

मंडपवाल्यांच्या युनिटसाठी गोल भोंगा करणार असशील तर ट्रॅक्ट्रिक्स कर. इंग्लंडात पॉल व्हॉइट नावाच्या माणसाने १९२० च्या दशकात आणलेला आकार आहे. नावाला घाबरू नको, तुझ्या डोळ्यांसमोर तो रोज काढला जातो. होडी पाण्यात, किनाऱ्यापासून एका दोरीच्या अंतरावर, आणि तू दोरी धरून किनाऱ्याने सरळ चालत सुटलास, तर होडी ज्या वळणाने किनाऱ्याकडे सरकत येते ते वळण म्हणजे ट्रॅक्ट्रिक्स. दोरीची लांबी तीच भोंग्याच्या तोंडाची त्रिज्या, आणि किनारा म्हणजे भोंग्याचा मधला आस.

मी टेम्प्लेट असंच काढतो, कॉम्प्युटर नाही काही नाही. टेबलावर ड्रॉइंग शीट चिकटवायची, कडेला लोखंडी पट्टी हा किनारा. ३०० हर्ट्झच्या भोंग्याला त्रिज्या १८ सेंमी आणि वर दोन एमएम येते, तेवढा न ताणणारा दोरा घ्यायचा (आम्ही जाळ्याचा तंगूस घेतो). दोऱ्याच्या टोकाला जड नट, नटाच्या भोकात पेन्सिलचा तुकडा घट्ट. दोरा पट्टीला काटकोनात ताणून सुरुवात करायची आणि मोकळं टोक पट्टीला लावून हळू हळू सरकवायचं. घाई केलीस तर नट झोकांडी खातो आणि वळण बिघडतं, मुंगीच्या चालीने. रेघ पट्टीपासून युनिटच्या घशाच्या त्रिज्येएवढी जवळ आली की थांब, तो घसा. मी हे काढून नंतर भाच्याकडून कॉम्प्युटरवर तपासून घेतलं, एक एमएमच्या आत होतं. ३०० चा भोंगा ३०० पासून वाजवायचा नाही, ५०० च्या वरच, मंडपवाले सांगतात ते बरोबर आहे.

साचा शाडूचा चालतो, पण पूर्ण सुकवून वर पॅकिंग टेप गुंडाळ, मग मेणाचं पॉलिश तीन हात. ओल राहिली तर रेझिन (फायबर घट्ट करणारा चिकट द्रव) चिकचिकीत राहतं, सुकतच नाही. काचतंतूच्या ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर दे, हार्डनर किलोला १० ते २० मिली, उन्हाळ्यात १० च पुरे नाहीतर मगमध्येच धूर निघतो. चष्मा घाल, हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जातो. माजघरात करू नको, वास दोन आठवडे राहतो आणि आई देव्हाऱ्यासकट तुला बाहेर काढेल.

फायबरचा एकच दोष, वाजतो. बोट मारून बघ, टण्ण. त्यावर इलाज म्हणजे बाहेरून समुद्राची नव्हे, नदीची धुतलेली वाळू रेझिनमध्ये कालवून बोटभर लेप. मग ठक्क येतं. आणि काम मेच्या आत उरक. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सगळ्या होड्या दुरुस्तीला वर येतात, आमच्यापैकी कुणी फोनसुद्धा उचलत नाही.

बासच्या पेटीला फायबर करू नको, परवडत नाही. प्लायच घे पण बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा, आयएस ७१० चा शिक्का बघून. कापलेल्या कडांना पातळ रेझिन पाज, दोन वेळा. पाणी कडेतूनच शिरतं, फळीच्या सपाट अंगातून नाही.

साचेवाला_पेण
फायबरवाले दादा, तुमचं बरोबर, पण त्याने कागदाबद्दल विचारलंय आणि कागदाची बाजू घेणारा अजून कुणी आलेला नाही.

आमच्या कारखान्यात कागदी लगद्याच्या मूर्ती करतो. मी तीन वर्षांपूर्वी असाच एक भोंगा केला, अजून आहे, पेणच्या पावसातून गेलाय. लगदा ओतू नकोस, लगदा आक्रसतो आणि भोंग्याचा आकार बिघडतो. पट्ट्या लाव. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या, हाताने फाडलेल्या, कात्रीने कापलेल्या नाही, फाटलेली कड एकात एक बसते. मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, बुकबाईंडर घालतात तसं, नाहीतर झुरळं आणि कसर दोन महिन्यांत फडशा पाडतात. मोरचूद विष आहे, स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नको, पोरांपासून लांब. एक थर उभा, एक आडवा. रोज दोनच थर, जास्त घाई केली की आतला थर आंबतो आणि वास येतो तो कायमचा. १४ थर दिलेस की चांगला जाड होतो.

बाहेरून काथ्या. सुटा काथ्या पातळ फेविकॉलमध्ये बुडवून गुंडाळायचा, वर परत दोन थर कागद. पीओपीच्या कामात काथ्या घालतात तो तडा जाऊ नये म्हणून, इथे तो आवाज मारायला पण कामी येतो. बोट मारलं तर नारळाच्या करवंटीसारखं सुद्धा वाजत नाही, ओल्या शहाळ्यासारखं वाजतं. शेवटी आतून-बाहेरून वॉर्निश तीन हात. आतला पृष्ठभाग पॉलिशपेपरने गुळगुळीत कर, आम्ही मूर्तीचा चेहरा करतो तेवढा वेळ दे त्याला.

खर्च म्हणशील तर माझे ४०० रुपये गेले, त्यातले निम्मे वॉर्निशचे. वेळ मात्र १२ दिवस, तेही मार्चमध्ये. पावसाळ्यात करायचं तर बल्ब लावून सुकवावं लागतं.

साधा_डबा_रत्नागिरी
१२ दिवस. मी काय म्हणालो होतो.

खटपट्या_वेंगुर्ला
सगळ्यांना मनापासून थँक्यू. पाच आठवडे गायब होतो, आता हिशेब देतो.

पहिलं दाराचं केलं. माळ्यावर फणसाचं जुनं दार होतं, त्याला टीव्हीचे दोन स्पीकर लावले. डबावाले, तुमचं तोंड गोड करायला पाहिजे, बाईचा आवाज त्यावर इतका मोकळा येतो की आई येऊन बसली आणि म्हणाली आता हेच राहू दे, तो कोपरा कशाला अडवतोस. पण बास नाही. आणि मला खूळ आहे.

मास्तर, पुण्याच्या एका मित्राने वापरलेला चार इंची फुलरेंज दिला, कागदावर क्यूटीएस ०.३३ आहे. लगेच प्लाय कापायचं धाडस झालं नाही, म्हणून आधी शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजच्या खोक्याचा भोंगा केला. पुठ्ठा दोन पदरी, मध्ये खळ, कडांना ब्राऊन टेप, आतली रुंदी २५, फटी २, ४, ८, १६, ३२, ६४. एका संध्याकाळचं काम. पेण, तुमची मोरचूद वापरली नाही, ट्रायलच होती, आणि चौथ्या दिवशी मुंग्या आल्या.

पहिल्यांदा पडवीत लावला. ठीकठाक, थोडा मोठा रेडिओ. मग दोघांनी उचलून माजघरात कोपऱ्यात नेऊन ठेवला, तोच ट्रॅक, आवाजाच्या नॉबला हात नाही. पेटीच्या खालच्या सप्तकाला एकदम अंग आलं. पखवाजाचा डावा हात जमिनीतून आल्यासारखा. बाबा आतून बाहेर आले आणि पुठ्ठ्याला हात लावून बघत बसले, त्यांचा विश्वासच बसेना की आत दुसरं काही ठेवलेलं नाही. भिंतीपासून एक वीतभर पुढे ओढला की निम्मी मजा गेली, परत टेकवला की आली. बॅटरीवर चालू आहे, आणि बोर्डच्या नॉबची खूण घड्याळातल्या ९ च्या जागेपुढे न्यावीच लागत नाही.

मास्तर, मोबाईलवर सुरांची चढती पट्टी वाजवून मापलं. मागचा आवाज पुढच्याला खातो तो खड्डा आहेच, पण २७५ ला नाही, २६० च्या आसपास. काही चुकलं का?

गळती पण होती. डबीच्या सांध्यांजवळ अगरबत्ती धरली आणि ५० हर्ट्झचा सूर सोडला, एका कडेला धूर थरथरायला लागला, तिथे टेपचा पदर सुटला होता. तो लावल्यावर बास अजून थोडा घट्ट झाला.

निवृत्त_मास्तर_दापोली
चुकलं नाही. तोंडाबाहेरची थोडी हवा पण भोंग्याबरोबर हलते, त्यामुळे त्याची लांबी तू मोजलीस त्यापेक्षा जास्त भरते. लांबी वाढली की खड्डा खाली सरकतो. डबीत लोकर वाढवून बघ, जुन्या घोंगडीचा तळहाताएवढा तुकडा घाल, एकच. खड्डा जाणार नाही, उथळ होईल. जास्त भरलीस तर बासही जाईल, ऐकत ऐकत घाल.

आता प्लाय काप. १८ चा नको, १२ चा बीडब्ल्यूपी पुरे, आतल्या फळ्याच एकमेकींना आधार देतात. आतल्या फळ्यांना स्क्रू मारून झाले की बाजूची शेवटची फळी बसवायच्या आधी सगळ्या सांध्यांवर भुसा आणि फेविकॉल कालवून बोटाने फिरव. त्यानंतर आत हात जात नाही.

फायबर_हर्णै
आणि फेविकॉल मरीनवाला. साधा पांढरा वेंगुर्ल्याच्या पावसात सुटतो.

खटपट्या_वेंगुर्ला
घेतला. प्लाय उद्या येतोय, सुतारदादांना पुठ्ठ्याचा ऐकवला, आता खुराडा म्हणत नाहीत, मजुरी पण कमी सांगितली. वरचा गोल भोंगा कागदाचाच करणार, पेण, मार्च संपत आलाय त्यामुळे उद्यापासूनच थर सुरू. मंडपवाले, एखादं १६ ओहमचं युनिट असेल तर ठेवा, शनिवारी कणकवलीला येतो.

एक शेवटचं. कोपऱ्यात एवढं ७४ सेंमीचं तोंड उघडं ठेवायचं म्हणजे जरा भीती वाटते, आमच्याकडे उंदीर आहेत.

मंडपवाला_कणकवली
युनिट ठेवलंय, दोन आहेत, दोन्ही घेऊन जा. घासून साफ केल्याशिवाय लावू नको, एकात कुंभारीण माशीने मातीचं घरटं केलंय.

उंदरांचा बरा इचारलंस. माझ्या गोडावनात ठेवलेल्या एका बॉक्साच्या आत उंदरान घर केल्यान, कोन कुरतडल्यान आणि लोकर पोरांका आथरून घातल्यान. तोंडाक बारीक जाळी मार, मच्छरदाणीची प्लास्टिकची नको, ती एका रात्रीत खातत. लोखंडाची नको, गंजतली आणि वाजतली पण. स्टीलची घी, चारी बाजून फ्रेमीत ताणून, मधी ढिली ऱ्हवली तर पखवाजाबरोबर तीय थरथरतली.